सरळ केलेली धार

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत एका टूलरूममध्ये मी तीस वर्षं ग्राइंडिंग केलं आणि त्या तीस वर्षांत मला वाकडं काही बघवेनासं झालं. लग्नात पंगतीची रांग वाकडी दिसली तर मी जेवायचं सोडून पत्रावळी सरळ करतो. भिंतीवरचं कॅलेंडर, दारातल्या चपला, ताटातल्या वड्या, काहीच माझ्या तावडीतून सुटत नाही. बायको म्हणते, निवृत्त तुम्हाला केलं आणि शिक्षा मला झाली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत मी घरातली प्रत्येक सुरी, कात्री आणि विळी पाजळून काढली. विळीला अशी धार आली की बायको भाजी शेजारणीकडे जाऊन चिरायला लागली. मग एक दिवस माळ्यावरच्या पेटीत वडिलांचा वस्तरा सापडला. आमचं घराणं भिक्षुकीचं. वडील अंगणात बसून स्वतःची दाढी स्वतः करायचे, आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. आता पातं गंजलं होतं आणि शिंगाची मूठ कीड लागून भुसभुशीत झाली होती. मी आठवडाभर त्याच्यामागे लागलो. गंज काढला, शिसवीचे दोन तुकडे तासून नवी मूठ केली, पितळी तारेचा खिळा ठोकला. शेवटी पथरीवर, म्हणजे धारेच्या बारीक दगडावर, पाणी टाकून पातं लावलं. मनगटावरून ते नुसतं फिरवलं आणि केस गळून पडले. तेव्हा झाला तसा आनंद मला मुलीच्या लग्नातही झाला नव्हता. हे मी बोलून दाखवलं आणि त्यापायी घरात दोन दिवस अबोला होता.

तेव्हापासून वस्तऱ्यांचं वेडच लागलं. हल्ली सलूनमध्ये जे वापरतात तो खरा वस्तरा नव्हे, ती नुसती मूठ. तिच्यात अर्धं ब्लेड मोडून घालायचं, गिऱ्हाईक उठलं की फेकून द्यायचं. ते योग्यच आहे, कुणाचा रोग कुणाला लागू नये. पण त्यामुळे अखंड पोलादाचे जुने वस्तरे भंगारात गेले. मी आठवडे बाजार धुंडाळायला लागलो. कुठे कुलपांच्या ढिगात, कुठे जुन्या स्टोव्हच्या शेजारी एखादा वस्तरा मिळायचा. घरी आणून तो नीट करायचा आणि ज्याला हवा त्याला देऊन टाकायचा, असं चाललं होतं.

अशाच एका बाजाराच्या दिवशी करंजीचा घाट उतरून तिसगावला गेलो होतो. भंगारवाल्याकडे काही निघालं नाही, म्हणून स्टँडजवळच्या सलूनमध्ये शिरून जुना वस्तरा आहे का विचारलं. सलून चालवणारा तिशीतला गडी हसला. तो म्हणाला, आमच्या आजोबांकडे आहे, पण विकत मागू नका, काठी उगारतील. आणि त्यानंच घराचा पत्ता सांगितला.

घराच्या ओट्यावर लिंबाच्या सावलीत बाजेवर म्हातारा बसला होता. ऐंशीच्या पुढचा, अंगात पांढरी बंडी, नजर अजून ताजी. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणायला लागलो. त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता. चहा आला आणि त्यांनी कप उचलला, तशी थरथर थांबली. बशीत थेंब सांडला नाही. कप खाली ठेवला आणि बोटं पुन्हा हलायला लागली. रिकामा असला की हात नाचायचा आणि काही धरलं की शांत व्हायचा.

आबांनी आतून धोकटी मागवली. चामड्याच्या त्या पिशवीत कात्री, चिमटा, पाण्याची वाटी, एक पथरी आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेला वस्तरा होता. आबांच्या वडिलांनी घेतलेला, जुन्या जर्मन पोलादाचा. या घरातल्या प्रत्येक लेकराचं जावळ त्याच वस्तऱ्यानं निघालं होतं. शेवटचं निघालं ते सलूनवाल्या नातवाचं. आता नातवाला मुलगी झाली होती, ती अकराव्या महिन्यात होती. वर्षाच्या आत, विषम महिन्यात जावळ काढायचं, म्हणून तीन आठवड्यांनंतरचा दिवस ठरला होता. आबांना पणतीचं जावळ स्वतःच्या हातानं काढायचं होतं. आयुष्यात आता दुसरं काही मागायचं राहिलेलं नाही, असं ते अगदी सहज म्हणाले.

पण पोरीची आई तयार नव्हती. आबांची नातसून घरापुढच्या खोलीत बायकांचं पार्लर चालवायची. कोर्स केलेली, कामाला पक्की आणि बोलायला सरळ. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं की आबांचा मान ती ठेवते, पण तो हात तिनं दिवसभर बघितलेला आहे. लेकराची टाळू अजून नीट भरलेली नाही. मशीन फिरवली तर पाच मिनिटांचं काम. तरीही आबांना सरळ नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं. कोर्समध्ये तिला फुग्याला फेस लावून त्याच्यावरून वस्तरा फिरवायला शिकवलं होतं. तीच परीक्षा तिनं ठेवली. आबांनी फुगा न फोडता फेस काढून दाखवला तर तिची हरकत नव्हती. मला ती अट वाजवी वाटली, अजूनही वाटते.

मी वस्तरा उजेडात धरला आणि माझा जीव कासावीस झाला. पात्यावर गंजाचे ठिपके होते, त्याचं काही नाही. पण धार सरळ नव्हती. मधे किंचित फुगलेली, दोन्ही बाजूंना उतरत गेलेली. पट्टी लावली तर दोन्हीकडून उजेड दिसत होता. पुढचा कोपरा झिजून गोल झाला होता. पथरी तर मधे सहाणेसारखी खोल गेली होती. मी मनात म्हटलं, अरेरे, साठ वर्षं या वाकड्या दगडावर घासून घासून बिचाऱ्या वस्तऱ्याचं काय करून ठेवलंय. आबांना सांगितलं की दोन्ही घेऊन जातो, नव्यासारखं करून आणतो. ते म्हणाले, “गंज तेवढा काढा. धारंला हात हलका लावा.” मी मान डोलावली. मला कुणी हात हलका लावायला सांगावं याचा थोडा रागही आला.

घरी येऊन दहा दिवस मी दुसरं काही केलं नाही. काचेच्या जाड पट्टीवर पॉलिश पेपर ताणून आधी पथरी सपाट केली. पट्टी उभी, आडवी, तिरकी, कशीही ठेवली तरी खालून उजेड येईना, तेव्हाच थांबलो. मग वस्तरा. वस्तऱ्याची पाठ जाड असते आणि धार कागदाहून पातळ. दोन्ही एकदम दगडावर टेकवायच्या, धार पुढे ठेवून पातं सरकवायचं आणि परत फिरवताना पाठीवरून उलटायचं. असे किती हात मारले ते मोजले नाहीत. मधला फुगवटा गेला. गोल झालेला कोपरा घासून मी काटकोनात आणला. धार सुतासारखी सरळ झाली. भिंगातून बघितली आणि बायकोलाही बघायला लावली. ती म्हणाली, छान आहे, आता जेवायला या.

त्या वस्तऱ्यानं मी स्वतःची दाढी केली. गालावरून तो लोण्यातून गेल्यासारखा गेला. जबड्याच्या हाडाखाली एक बारीक चीर पडली, पण तो दोष मी माझ्या कातडीला दिला.

परीक्षेच्या दिवशी मी वस्तरा घेऊन तिसगावला गेलो तेव्हा खरं सांगायचं तर मला कौतुकच हवं होतं. आबांनी पातं हातात घेतलं आणि धारेवरून आडवा अंगठा फिरवला. फिरवता फिरवता टोकापाशी आले आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. वस्तरा त्यांनी तळहातावर दोन-चार वेळा उलटसुलट ओढला. नातसुनेनं फुगा फुगवून त्याला फेस लावला आणि तो दोन्ही हातांत धरून पुढे बसली. आबांचा हात हलत नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पातं फुग्याला टेकलं, बोटभर फेस निघाला आणि फुगा फुटला. फेस तिच्या तोंडावर उडाला. दुसरा फुगा आणला. तो निम्म्यात फुटला.

तिसरा फुगा कुणी आणला नाही. आबांनी वस्तरा मिटला, फडक्यात गुंडाळला आणि म्हणाले, “हात गेला माझा. मशीन लावा.” नातसून डोळे पुसत आत गेली. तिला जिंकल्याचा आनंद झाला नव्हता, एवढं मला कळलं. मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि एसटी पकडली.

घाट चढताना माझ्या जबड्याखालची चीर खाजायला लागली. मी हात लावला आणि एकदम मनात आलं की गालावर काही झालं नाही, हाडाच्या वळणावरच कापलं. फुगाही वळणाचाच. सरळ धार सपाट जागी चालते. गोल जागी ती सबंध टेकत नाही, जरा कलली की कोपरा आधी घुसतो. आणि तो कोपरा मी स्वतः टोकदार केला होता.

नगरला उतरल्याबरोबर फुग्यांचं पाकीट घेतलं. घरी माझ्याकडे आणखी एक जुना वस्तरा होता, अजून न सुधारलेला, मधे फुगलेला आणि कोपऱ्याला झिजलेला. त्याचा आकार तसाच वाकडा ठेवून त्याला जेमतेम धार दिली. मग मोरीपाशी बसून फुगे फुगवले. दाढीचा फेस लावला आणि वाकड्या वस्तऱ्यानं एक सबंध फुगा साफ केला. तो फुटला नाही. दुसरा केला, तोही टिकला. आबांच्या वस्तऱ्यासारखाच, मी आधीच सरळ करून ठेवलेला आणखी एक होता, तो घेतला आणि फुगा फाटकन फुटला. पुन्हा केलं, पुन्हा फुटला. माझा हात तर थरथरत नाही. बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, वाढदिवस कुणाचा आहे.

मी तिला सगळं सांगितलं. गावातल्या निम्म्या डोक्यांवरून फिरून फिरून, गोल डोक्यासाठीच त्या धारेला तो आकार आला होता. आबांनी तो मुद्दाम राखला होता, आणि मी तो चूक समजून घासून टाकला. चूक माझी आणि हात त्यांचा गेला असं ठरलं. बायकोनं फुटके फुगे गोळा केले आणि म्हणाली, “मग जाऊन सांगा त्यांना.”

सांगायला मला दोन दिवस लागले. नोकरीत माझ्या मशीनवरचा जॉब तपासणीतून परत आला असं जवळजवळ कधी झालं नाही, आणि एक-दोनदा झालं तेव्हा मी तपासणाऱ्याशीच भांडलो होतो. आपलं चुकलं हे वाक्य माझ्या अंगवळणी पडलेलं नाही. पहिल्या दिवशी मी स्वतःला समजावलं की मशीननं जावळ निघालं तर काय आभाळ कोसळणार आहे. दुसऱ्या दिवशी आबांचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसलो.

ओट्यावर बसून मी आबांना आणि नातसुनेला सांगितलं की फुगा हातानं नाही, माझ्या धारेनं फुटला. नातसुनेनं ऐकून घेतलं आणि समजूतदारपणे म्हणाली, “काका, तुमी आबांच्या मनासाठी बोलताय, कळतंय मला.” मला इतका संताप आला. आयुष्यात पहिल्यांदा चूक कबूल करतोय तर समोरचं माणूस मानायला तयार नाही. मी आबांकडे वळलो आणि विचारलं, तुम्हाला अंगठा फिरवल्यावरच कळलं होतं ना.

आबा म्हणाले, “कळलं हुतं की. पर तुमी लई हौसेनं केलं हुतं. अन् मला वाटलं, हात चांगला आसल तर सरळ धारंनं बी व्हईल. न्हाई झालं. मग हाताचाच दोष म्हनलं.”

दहा दिवस त्या माणसाचा वस्तरा माझ्याकडे होता, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की तो असा का आहे. मी त्यांना म्हटलं, मला शिकवा. अजून आठवडा आहे. धार होती तशी करू.

मी पथरीही सपाट केली आहे, याची मला जास्त धास्ती होती. तो खळगा परत कुठून आणणार. आबांनी पथरी हातात घेतली, माझ्या सपाटीवरून बोट फिरवलं आणि हसले. म्हणाले, दगडाचं काही नाही, कडेवर उभा करा. पथरी त्यांनी बारीक अंगावर उभी करून फळीत खोचायला लावली. आता दोन बोटं रुंदीचीच जागा उरली होती. तिच्यावर पातं ठेवायचं, मुळापासून टोकापर्यंत ओढत न्यायचं आणि नेताना मनगट किंचित उचलत जायचं, म्हणजे धारेचा एका वेळी थोडासाच भाग दगडाला लागतो. ऐकायला सोपं आहे. माझं मनगट मात्र तीस वर्षं न हलायला शिकलेलं होतं. पहिल्या दिवशी मी घासलं ते सगळं पुन्हा सरळच झालं. आबा म्हणाले, बामनाचा हात पळी सोडायला तयार नाही. मी म्हणालो, पळी माझ्या वडिलांनी धरली, मी नाही.

शेवटी त्यांनी माझ्या मागे बसून माझं मनगट धरलं. त्यांचा हात माझ्या हातावर आला आणि शांत झाला. पाळण्याला झोका द्यावा तसं ते माझं मनगट खाली-वर नेत होते. दर थोड्या वेळानं थांबवून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, अजून हितं जड हाय. चार दिवस मी जाऊन-येऊन केलं. भिंग घरीच ठेवलं होतं. चौथ्या दिवशी आबांचा अंगठा मुळापासून निघाला आणि टोकापर्यंत न थांबता गेला. कोपरा त्यांनी माझ्याकडून शेवटी करून घेतला, पाच-सहा हलके हात, कुणाच्या कानाला लागू नये इतका गोल.

नातसून येता-जाता बघत होती. फुगा तिनं स्वतःच आणला. आबांनी तो साफ करून दिला आणि तिच्या पोरीला खेळायला दिला. मला वाटलं झालं. पण ती काळजीतच होती. म्हणाली, फुगा हलत नाही काका, लेकरू हलतं. फुग्याला हाडही नसतं. तिचं बरोबर होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी टोपी काढली आणि म्हणालो, “मग माझं डोकं घ्या. याला हाड आहे, आणि मी हलतोही भरपूर.”

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं. आमच्यात मोठेपणी डोकं चकोट करतात ते आई-वडील गेल्यावर. मुंजीनंतर माझ्या डोक्यावरून वस्तरा दोनदाच फिरला होता, दोन्ही वेळा नदीकाठी, आणि तो थंड पाण्याचा आणि पोलादाचा स्पर्श मी विसरलो नव्हतो. शिवाय या वयात केस दाट असल्याचा मला माज आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. आबांना हे सगळं माहीत असणार. त्यांनी विचारलं, घरी काय सांगाल. मी म्हणालो, ते घरी गेल्यावर बघू.

नातसुनेनं वस्तरा उकळून, स्पिरिटनं पुसून दिला. मी ओट्याच्या पायरीवर बसलो, आबा मागे बाजेवर. ती समोर उभी राहून हात बघत होती. आबांनी डोकं भिजवलं, बोटांनी कातडी जोखली आणि सुरुवात केली. मी मुद्दाम बोलत राहिलो, मान वळवली, एकदा खोटा शिंकलोही. दर वेळी पातं माझ्या आधीच उचललेलं असायचं. त्यांना माझी हालचाल कातडीखालीच कळत होती. कानामागच्या वळणावर, मानेच्या खळग्यात, कुठेही ओढ बसली नाही. नदीकाठचं आठवून मी धास्तावलो होतो, पण इथे लिंबाखाली वेगळंच वाटलं. कुणी गेलं नव्हतं. एका लेकरासाठी माझं डोकं भादरलं जात होतं, आणि मला आतून हसू येत होतं.

झाल्यावर नातसुनेनं माझ्या डोक्यावर कापसाचा बोळा फिरवला आणि तो उजेडात धरून बघितला. रक्ताचा ठिपका नव्हता. तिनं बोळा दोनदा उलटून बघितला. मग आबांना म्हणाली, “शुक्रवारी सकाळी नऊला बसायचंय. त्याच्या आधी चहा घेऊन घ्या, नंतर गडबड व्हईल.” आबांनी मान हलवली आणि वस्तरा पुसायला घेतला.

घरी बायकोनं दार उघडलं आणि तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. कोण गेलं, एवढंच ती विचारू शकली. तिला पाणी देऊन सगळं सांगितलं, तेव्हा आधी ती हसली, मग चिडली, मग पुन्हा हसली. तोवर गल्लीत बातमी गेली होती. शेजारीण पिठलं-भाताचं पातेलं घेऊन आली, कारण सुतक असलेल्या घरी चूल पेटत नाही, आणि दारात उभी राहून पदरानं डोळे टिपायला लागली. तिला खरं सांगावं तर ती पातेलं परत नेईल, आणि पिठल्याला वास तर फार छान येत होता. बायकोनं शेवटी खरं सांगितलं. शेजारीण पातेलं ठेवून गेली, पण महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

शुक्रवारी आम्ही दोघंही तिसगावला गेलो. पोर मामाच्या मांडीवर बसली होती आणि मामाच जास्त घाबरला होता. आत्या केस झेलायला पदर पसरून शेजारी बसली. पाणी लावताच पोरीनं भोकाड पसरलं. आबा हात मागे घेऊन थांबले, त्यांना कसलीच घाई नव्हती. मग कुणाला तरी सुचलं आणि मला ओढून तिच्या पुढ्यात बसवलं. माझं गुळगुळीत डोकं बघून पोर गप्प झाली. तिनं दोन्ही हातांनी ते चाचपायला सुरुवात केली, आणि ती त्यात गुंतली असताना आबांनी पहिला हात टाकला. मऊ केस आत्याच्या पदरात पडत गेले. मी इतक्या जवळून बघत होतो की पातं टेकलेलं कळत नव्हतं, फक्त त्याच्या मागची कातडी उघडी होताना दिसत होती. टाळूवर आबांनी श्वास धरला. मीही धरला. नातसून खांबाला टेकून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आबांनी वस्तरा मिटला आणि म्हणाले, “झालं.” पोरीच्या डोक्यावर कुठेही लाल रेघ नव्हती. सनई वगैरे काही नव्हती, बायका आपापसात बोलायला लागल्या, आत पोळ्यांचा तवा चढला. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत.

आबा बाजेवर जाऊन बसले. वस्तरा ठेवल्याबरोबर त्यांचा हात मांडीवर पुन्हा नाचायला लागला. माझ्या शेजारी बसलेल्या आत्यानं तेव्हा हळूच सांगितलं की पोर जन्मल्यापासून आबांनी तिला एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. ती रांगत बाजेपाशी गेली की तेच हाक मारून तिला उचलायला सांगायचे, हात असा, पडली-झडली तर काय म्हणून. आणि नातसूनही काही न बोलता येऊन उचलून न्यायची.

नातसुनेनं पोरीला न्हाऊ घातलं, डोक्याला हळद-तेल लावलं, झबलं चढवलं. मग ती ओट्यावर आली आणि आबांच्या मांडीवर पोरीला ठेवलं. आबा दचकले. थरथरता हात हवेत राहिला, मग पोरीच्या पोटावर टेकला आणि थांबला. नातसून क्षणभर उभी राहिली. मग पंगत वाढायला आत निघून गेली, आणि तिनं मागे वळून बघितलं नाही.